प्रत्येक बँडची एक बांधी असते

इंडियन आयडॉलच्या जजच्या खुर्चीतला विशाल ददलानी तुम्हाला माहीत आहे. त्याचा बँड माहीत आहे का? ‘पेंटाग्राम’च्या चार अल्बमच्या प्रवासात ‘बँड की करिअर?’ या प्रश्नाचं एक उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे, ते उत्तर आपल्या झाडीपट्टीला कधीपासूनच पाठ आहे.

देवरी : कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक ग्रुप असतोच. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे भजनी मंडळातून मागून आणलेला कीबोर्ड, ऑक्टोपॅड भाड्याचं आणि माइकवर तो, ज्याचा आवाज अख्ख्या वर्गाला ठाऊक असतो. तीन गाणी होतात. शिट्ट्या पडतात. दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला तेच व्हिडिओ.

आणि फायनल इयरचा निकाल लागला, की ग्रुप संपतो. कोणी भरतीच्या तयारीला नागपूरला, कोणी बी.एड.साठी गोंदियाला, कोणी वडिलांसोबत शेतात. गिटार खुंटीला. भांडण होऊन ग्रुप फुटला, असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा घरातून एकच प्रश्न येतो, ‘हे सगळं ठीक आहे बाबू, पण पोट कशावर भरशील?’

प्रश्न चुकीचा नाहीच. पण त्याची उत्तरं दोनच असतात, असं आपण धरून चालतो. एक तर सगळं सोडून मुंबई गाठायची, नाही तर गिटार विकून टाकायची. तिसरं उत्तर असतं का? ते शोधायला आज एका बँडची गोष्ट बघू. बँड मुंबईचा, गाणी इंग्रजी, संगीत अल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे आपल्यापासून सगळ्याच अर्थानं लांबचा. तरी वाचा. शेवटी आपण धानाच्याच बांधीत येऊन पोहोचणार आहोत.

‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

आधी हा शब्द समजून घेऊ, कारण तो कॉलेजातूनच आलेला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत मोठ्या रेडिओ स्टेशनांवर ठरलेलीच गाणी वाजायची. जे बँड त्या साच्यात बसत नव्हते, त्यांना जागा दिली ती विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉलेज रेडिओंनी. ‘आर.ई.एम.’ हा बँड तर जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात, १९८० साली सुरू झाला. मुख्य रस्ता सोडून जाणारी ही वाट, म्हणून ‘अल्टरनेटिव्ह’.

मग १९९१ साली ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ आला. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं अमेरिकेच्या अल्बम यादीत पहिल्या नंबरवरून मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली उतरवलं. पायवाटेचा हायवे झाला. चुरगळलेला शर्ट, विस्कटलेले केस, घसा फाडून गाणं आणि ‘तुमच्या नियमांचं आम्हाला काही देणंघेणं नाही’ हा सूर जगभर पोहोचला. आपल्याकडे नुकतेच सॅटेलाइट चॅनल येऊ लागले होते. त्यातूनच तो मुंबईच्या पोरांच्या घरातही आला.

रंगभवनचे पऱ्हे

धानाचं एक तंत्र तुम्हाला सांगायला नको. आधी एका छोट्या तुकड्यात दाटीवाटीनं पऱ्हे टाकायचे, ते हातभर झाले की उपटून मोठ्या बांधीत रोवणा करायचा. मुंबईतल्या रॉक बँडच्या पऱ्ह्यांचा तुकडा होता धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे उघडं थिएटर. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि रंगभवन हे रॉकवाल्यांचं पंढरपूर झालं.

तेव्हाचे बँड बहुतेक करून परदेशी गाणी वाजवायचे. ज्याला आपण ‘कव्हर’ म्हणतो. पब्लिकलाही तेच हवं असायचं. ओळखीचं गाणं सुरू झालं की हात वर, स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चहा प्यायला बाहेर. हा अनुभव आपल्या गॅदरिंगवाल्यांनाही असेल.

ही कोंडी फोडणाऱ्यांत पहिलं मोठं नाव ‘रॉक मशीन’चं. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला हा बँड. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायक म्हणून उदय बेनेगल. १९८८ साली त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९० साली दुसरा. १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं आणि त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांनी निवडलेला पुरस्कार मिळाला. देशातला सगळ्यात नावाजलेला रॉक बँड. आणि तरीही १९९७ साली तो थांबला. पुन्हा एकत्र यायला २०१० उजाडलं, नवा अल्बम ‘इव्हॉल्व्ह’ यायला २०१२.

म्हणजे नाव, पुरस्कार, टीव्ही सगळं होतं, तरी बँड सलग टिकला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण याच काळात, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात, पुढच्या पिढीचा एक बँड उभा राहत होता.

‘आम्ही ऐकत नाही’

त्याचं नाव पेंटाग्राम. ज्या चौघांमुळे हे नाव गाजलं ते असे : गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेस गिटारवर पापल माने आणि ड्रम्सवर शिराज भट्टाचार्य. आडनावं नीट वाचा. एक सिंधी, एक ख्रिस्ती, एक मराठी, एक बंगाली. लोकलच्या एका डब्यात जेवढी मुंबई मावते, तेवढी या एका बँडमध्ये मावली होती.

पहिला अल्बम १९९६ साली आला. नाव, ‘वी आर नॉट लिसनिंग’. म्हणजे ‘आम्ही ऐकत नाही’. विशीतल्या पोरांनी अल्बमला याहून प्रामाणिक नाव काय द्यावं! गिटार जड, आवाज मोठा, सूर चिडलेला.

पण ऐकत नाही म्हणून पोट भरतं का? त्या काळचं गणित बघा. बाजारात कॅसेट चालायच्या आणि कॅसेटचं दुकान म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचं दुकान. इंग्रजीत गाणाऱ्या देशी रॉक बँडचा कप्पा असलाच तर अगदी कोपऱ्यात. कॉलेज फेस्टिव्हलचे कार्यक्रम मिळायचे, पण ते ठरावीक महिन्यांत. बाकीचं वर्ष? शिवाय गिटार, अ‍ॅम्प, सरावाची खोली, टेम्पोचं भाडं… रॉक हा खर्चिक शौक. चौघांना बारा महिने पोसेल असा पैसा त्यात नव्हता.

इथे बहुतेक बँड संपतात. पेंटाग्राम इथे संपला नाही, कारण त्यांनी तिसरा रस्ता धरला.

दिवसा सिनेमा, रात्री बँड

१९९९ साली ‘प्यार में कभी कभी’ हा सिनेमा आला. त्यात विशाल ददलानीनं शेखर रावजियानी यांच्यासोबत संगीत दिलं. विशाल-शेखर या जोडीची ही सुरुवात. २००३ साली ‘झंकार बीट्स’नं त्यांना नाव दिलं आणि फिल्मफेअरचा नव्या संगीत प्रतिभेसाठीचा आर. डी. बर्मन पुरस्कारही. योगायोग बघा, तो सिनेमासुद्धा दिवसा जाहिरात कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी गाणं जगणाऱ्या दोस्तांचा होता.

आता पेंटाग्रामचे अल्बम आणि विशालचं सिनेमाचं काम शेजारी-शेजारी ठेवून बघा. मजा येते.

२००२ साली बँडचा दुसरा अल्बम ‘अप’ आला. त्यात गिटारसोबत इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळले होते, पहिल्या अल्बमपेक्षा एकदम वेगळा बाज. पुढच्याच वर्षी ‘झंकार बीट्स’. २००५च्या जूनमध्ये बँड इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. जुलैमध्ये ‘दस’ लागला आणि ‘दस बहाने’ गल्लीगल्लीत वाजलं. २००७ साली बँडचा तिसरा अल्बम ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’, त्याच वर्षी दिवाळीत ‘ओम शांती ओम’. २०११ साली चौथा अल्बम ‘ब्लडीवुड’, त्याच वर्षी दिवाळीत ‘रा.वन’.

म्हणजे ज्या वर्षी हा माणूस शाहरुखच्या सिनेमाला चाली देत होता, त्याच वर्षी आपल्या बँडसाठी घसा फाडत होता. आणि चौथ्या अल्बमचं नाव तर सरळ सरळ बॉलिवूडला काढलेला चिमटा. ज्या घरात जेवतो, त्या घराच्या पाटीवर हसायला हिंमत लागते. (याच नावाचा दिल्लीचा एक मेटल बँड पुढे गाजला. तो वेगळा, गोंधळ नको.)

बाकीचेही फक्त याच एका बँडवर अवलंबून नव्हते. रँडॉल्फनं गायिका मोनिका डोग्रासोबत ‘शायर अँड फंक’ हा दुसरा प्रकल्प उभा केला. इलेक्ट्रॉनिक संगीताचा. त्याचा पहिला अल्बम आला २००७ साली. हो, पुन्हा तेच वर्ष. (मोनिकाला तुम्ही किरण रावच्या ‘धोबी घाट’मध्ये बघितलं असेल.)

तेव्हा काही चाहते कुरकुरायचे. रॉकवाला असून सिनेमाला गाणी देतो म्हणजे विकला गेला, वगैरे. पण जरा उलटं बघा. सिनेमाचा पैसा येत होता म्हणून बँडला कुणासमोर वाकायची गरज नव्हती. ‘हिंदीत गा’, ‘जरा सोपं करा’, ‘मध्ये एक आयटम टाका’ असं सांगणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होतं. पहिल्या अल्बमचं ते नाव आठवा. ‘आम्ही ऐकत नाही’ हे म्हणणं त्यांना परवडलं ते या दुसऱ्या कामामुळे.

आपल्या भाषेत सांगायचं तर सिनेमा ही त्यांची बांधी होती. वर्षाचं धान तिथून यायचं. बँड ही मंडईची रात्र होती.

दूधवाल्याच्या शेतात

ग्लास्टनबरीचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. जगातल्या सगळ्यात मोठ्या संगीत महोत्सवांपैकी हा एक. पण तो कुठल्या स्टेडियममध्ये होत नाही. सॉमरसेट परगण्यात वर्दी फार्म नावाचं गाई-म्हशींचं, म्हणजे तिथं फक्त गाईंचंच, शेत आहे. मायकल इव्हिस या शेतकऱ्यानं १९७० साली आपल्या शेतात पहिला कार्यक्रम ठेवला. तिकीट एक पौंड आणि त्यात दूध फुकट! आज तिथे दोन लाखांच्या घरात लोक जमतात.

२००५ साली मुख्य स्टेजवर कोल्डप्ले, व्हाइट स्ट्राइप्स अशी नावं होती. त्या वर्षी पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की तंबूंमध्ये पाणी शिरलं आणि सगळं शेत रोवण्याच्या बांधीसारखं झालं. त्या चिखलाच्या वर्षी मुंबईहून गेलेल्या पेंटाग्रामनं तिथे वाजवलं. ग्लास्टनबरीत वाजवणारा पहिला भारतीय बँड, अशी त्यांची ओळख पडली ती कायमची.

आणि एक गोष्ट मला या महोत्सवाची सगळ्यात जास्त आवडली. दर काही वर्षांनी तो मुद्दाम ठेवतच नाहीत. २००६ साली नव्हता, २०१८ सालीही नव्हता. कारण? लाखो पायांनी तुडवलेल्या जमिनीला आराम हवा, गवत परत यायला हवं, गाईंना चरायला मिळायला हवं. जगभरातून पैसा येतोय, तिकिटं मिनिटांत संपतायत आणि शेतकरी म्हणतो, यंदा जमीन पडीक राहील.

आता पेंटाग्रामच्या अल्बममधली अंतरं मोजा. १९९६ ते २००२ सहा वर्षं. मग पाच. मग चार. पंधरा वर्षांत फक्त चार अल्बम. आजच्या हिशेबानं ही आळशीपणाची हद्द. दर शुक्रवारी नवं गाणं टाका, नाही तर अल्गोरिदम विसरेल, असं आपल्याला सांगितलं जातं. पण प्रत्येक अल्बमचा आवाज आधीच्यापेक्षा वेगळा झाला, तो या पडीक वर्षांमुळेच.

रीलच्या आधीचं रील

तिसऱ्या अल्बमच्या वेळची आणखी एक गोष्ट. २००७ साली इन्स्टाग्राम नव्हतं. ते आलं २०१०च्या ऑक्टोबरमध्ये. जिओचं स्वस्त ४जी तर २०१६ सालचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू आला तरी नशीब, असा तो काळ. तेव्हा पेंटाग्रामनं ‘व्हॉइस’ या गाण्याचा व्हिडिओ चाहत्यांनी स्वतः शूट करून पाठवलेल्या तुकड्यांतून बनवला. आज ज्याला आपण ‘ट्रेंड’ म्हणतो आणि एकाच गाण्यावर हजारो लोक रील करतात, त्याचीच ही आधीची आवृत्ती.

ज्यांच्याकडे मोठ्या व्हिडिओचं बजेट नसतं, त्यांच्याकडे ऐकणारे असतात. हा भाग देवरीतून करायलाही कुठल्या स्टुडिओची गरज नाही.

बांधी पोसते, बांधी खातेही

इथवर सगळं गोड गोड वाटलं असेल. पण गोष्टीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. बांधी पोसते तशी वेळही खाते. सिनेमाचं काम वाढत गेलं, टीव्हीच्या खुर्च्या आल्या आणि बँडसाठी उरणारी वर्षं कमी होत गेली. ‘ब्लडीवुड’नंतर पाचव्या अल्बमची वाट चाहते बघतच राहिले.

रंगभवनही राहिलं नाही. आजूबाजूला रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा जागांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. त्यात तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. नियम योग्यच, आजारी माणसाला झोप हवीच. पण पऱ्हे टाकायचा तुकडाच गेला, की पुढच्या बँडनं उगवायचं कुठे? पुढे २०१० साली पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला आणि वेगळ्या वाटेच्या बँडना पुन्हा मोठं अंगण मिळालं. पण ते तिकिटाचं अंगण. कॉलेजच्या शेजारचं, सहज चालत जाता येईल असं नव्हे.

म्हणून दुसरं काम धरलं म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या चोवीस तासांतूनच जातात. फरक इतकाच की बँड उपाशीपोटी आणि कडू तोंडानं मेला नाही. त्याला चार अल्बमइतकं आयुष्य मिळालं.

आपल्या झाडीत हे कोण करतं?

आता मुंबईहून परत येऊ. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या हायवेनं नव्हे, सरळ मंडईच्या मैदानात.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक लागतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. तिथल्या मंडळांच्या गाड्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत फिरतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, उजाडेपर्यंत चालतो. संवाद, गाणी, लावणी, विनोद, सगळं समोरासमोर. आणि बाजूला बसलेले वादक अख्खी रात्र थेट वाजवतात. एक ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला, आता ऑक्टोपॅडही.

हा सिझन साधारण होळीपर्यंत. मग? मग त्यातले कितीतरी कलाकार घरी जातात. पावसाळा येतो, पऱ्हे टाकतात, रोवणा करतात, धान कापतात. पुन्हा दिवाळी, पुन्हा तोंडाला रंग. त्यांना कुणी ‘शेतकरी की कलाकार?’ असं विचारत नाही. दोन्ही. २०२३ साली याच रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा देशाला झाडीपट्टी हे नाव कळलं. आपल्याला ते आजीच्या मांडीवर झोपून नाटक बघितलं तेव्हापासून माहीत आहे.

विशाल ददलानी ‘ओम शांती ओम’ आणि ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ एकाच वर्षात करतो आणि झाडीपट्टीतला ऑर्गनवादक रोवणा आणि नाटक एकाच वर्षात करतो. पैशाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे, प्रसिद्धीचाही. मुंबईत जन्मल्यानं, इंग्रजी शाळेत गेल्यानं काही दारं आपोआप उघडतात, हेही खरं. पण गणिताची रीत तीच आहे. कला एकटी पोसत नाही, तेव्हा तिला जगवायला एक बांधी ठेवावी लागते. आणि बांधीत काम करतो म्हणून कुणी कमी कलाकार ठरत नाही.

‘पोट कशावर भरशील?’ या प्रश्नाचं तिसरं उत्तर हे आहे. ते मुंबईहून आणायची गरज नव्हती.

मग तुमच्या ग्रुपचं काय?

या प्रवासातून उचलण्यासारख्या चार गोष्टी.

एक, गाणं स्वतःचं करा. कव्हर म्हणजे बटईची शेती. मेहनत तुमची, जमीन दुसऱ्याची. शिकायला ती लागतेच, रॉक मशीनसुद्धा तिथूनच सुरू झाला. पण सातबारा तुमच्या नावाचा हवा असेल तर गाणं तुम्हीच लिहायला हवं. हे नुसतं बोलायला नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातलं गाणंसुद्धा थिएटरबाहेर वाजलं, तर त्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा असतो आणि तो हक्क कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. तेव्हा कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

दोन, भाषा तुमचीच चालेल. पेंटाग्रामनं इंग्रजीत गायलं, कारण ते त्यांच्या आजूबाजूचं होतं. मुंबईचाच ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्ससोबत गातो आणि तरुण पोरं तल्लीन होऊन ऐकतात. मग झाडीबोलीत रॉक का होऊ नये? गोंडीत? हलबीत? हा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही. ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे वेगळी वाट, तर याहून वेगळी वाट कोणती?

तीन, बांधी लाजून ठेवू नका. तलाठी भरती द्या, बी.एड. करा, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाका, धान लावा. पण आठवड्यातली एक संध्याकाळ ग्रुपच्या नावानं राखून ठेवा. पंधरा वर्षांत चार अल्बम म्हणजे सरासरी काढली तर वर्षाला दोन-तीन गाणी फक्त. एवढं तर नोकरी करूनही जमतं.

चार, गुरू जवळच आहे. पुढच्या मंडईत नाटक लागलं, की हिरो-हिरोइनकडे बघताना एकदा बाजूच्या वादकांकडेही बघा. नट वाक्य विसरला तर ते कसं सांभाळतात, भांडणाच्या सीनमध्ये ठेका कसा बदलतात, पहाटे चारला डोळे मिटत असताना ताल कसा धरून ठेवतात. मध्यंतरात जाऊन चहा विचारा, दोन प्रश्न विचारा. सिनेमाच्या स्टुडिओत कुणी तुम्हाला आत घेणार नाही. इथे मात्र पडद्यामागे जायला फक्त नमस्कार करावा लागतो.

पेंटाग्राम : एका नजरेत

१९९६ : पहिला अल्बम ‘वी आर नॉट लिसनिंग’
१९९९ : विशाल-शेखर जोडीचा पहिला सिनेमा, ‘प्यार में कभी कभी’
२००२ : दुसरा अल्बम ‘अप’
२००५ : इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात सादरीकरण
२००७ : तिसरा अल्बम ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आणि चाहत्यांच्या चित्रीकरणातून ‘व्हॉइस’चा व्हिडिओ
२०११ : चौथा अल्बम ‘ब्लडीवुड’

आता इअरफोन लावा आणि चारही अल्बममधलं एकेक गाणं याच क्रमानं ऐका. आवाज कसा बदलत गेला ते आपोआप कळेल. मग ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, जो शेवटच्या गॅदरिंगनंतर शांत पडलाय, एक मेसेज टाका : ‘रविवारी सराव आहे. गाणं आपलं. कोण कोण येतंय?’